विक्रमी मासा आणि त्याचा दाखला

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपल्याकडे म्हण आहे. पाश्चात्त्य देशांत हीच गोष्ट गळातून निसटलेल्या माशाविषयी सांगतात. हौसेने गळ टाकून बसणारा मनुष्य संध्याकाळी घरी परतला, की निसटून गेलेला मासा केवढा होता हे दोन्ही हात फैलावून दाखवितो, आणि वर्षागणिक त्या दोन हातांमधील अंतर वाढत जाते. या थट्टेला उत्तर म्हणून की काय, त्या लोकांनी एक अशी व्यवस्था उभी केली आहे, की आपल्या कोर्टकचेऱ्यांनीही तिच्यापुढे मान लववावी. मासा किती मोठा होता, एवढे ठरविण्यासाठी तेथे प्रतिज्ञापत्र लागते, साक्षीदार लागतात, तपासणीचा शिक्का असलेला काटा लागतो. आणि क्वचित प्रसंगी असत्य पकडणाऱ्या यंत्रापुढेही बसावे लागते.

आमच्या वाचकांपैकी निम्म्या घरांत मासा शिजत नाही, आणि आम्हा माळव्यातील मंडळींना समुद्राचे दर्शन होते ते मुंबईस लग्नकार्याला गेल्यावर, हे मी जाणून आहे. तथापि ज्या मनुष्याचे आयुष्य शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरावर सह्या करण्यात गेले, त्याला या विषयाची गोडी वाटली तर नवल नाही. जुन्या रजिस्टरांची पाने चाळली, तर १ जुलै या एकाच दिवशी गावातील निम्मी मुले जन्मास आलेली दिसतात. शाळा त्या दिवशी उघडत असे, आणि घरच्यांना तारीख आठवत नसे. पुढे नोकरी, बढती, निवृत्ती सारे त्या तारखेवरच चालले. खरे काय आणि दाखल्यावर काय, यांच्यामधील ही फट मोठ्या माशांच्या बाबतीतही कशी पडते, ते आज पाहू. उदाहरण घेऊ स्टीलहेड नावाच्या माशाचे.

स्टीलहेड हा वस्तुतः रेनबो ट्राउटच. उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा आणि पलीकडे रशियाचा कामचात्का, हे त्याचे मूळ घर. याच जातीचा ट्राउट इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीच्या थंड ओढ्यांत आणून सोडला, त्यामुळे उटी किंवा काश्मीर पाहून आलेल्या वाचकांनी त्याचे नाव ऐकले असेल. परंतु आपल्याकडचा ट्राउट गोड्या पाण्यात जन्मतो आणि गोड्या पाण्यातच मरतो. स्टीलहेडची कथा निराळी आहे. नदीच्या वाळूखड्यांत अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू साधारणतः दोनएक वर्षे नदीत काढते आणि मग एका वसंतात प्रवाहाबरोबर खाली जाऊन समुद्रास मिळते. तेथे एक ते तीन वर्षे लहान मासे, कोळंबी, माकूल असा सकस आहार घेऊन ते धिप्पाड होते. पाठ पोलादासारखी निळसर, पोट रुपेरी; त्या पोलादी डोक्यावरूनच हे नाव पडले. पुढे एके दिवशी कोण जाणे कोणत्या खुणेने, ते आपल्या जन्मनदीकडे परत फिरते. पॅसिफिकमधील सालमन मासे अंडी घातल्यावर मरून जातात. स्टीलहेड मात्र वाचलाच, तर पुन्हा समुद्रात जातो आणि पुन्हा येतो.

नवलाची गोष्ट अशी, की एकाच नदीत, कधी तर एकाच आईबापांच्या पिल्लांपैकी, काही समुद्रावर जातात आणि काही जन्मभर नदीतच राहतात. घरी राहिलेला तो रेनबो ट्राउट, परदेशी जाऊन आलेला तो स्टीलहेड. शास्त्राच्या दृष्टीने जात एकच. शास्त्रज्ञांनीही १९८९ साली या माशाचे गोत्र बदलून त्याला सालमनच्या प्रजातीत नेऊन बसविले. दत्तक गेलेल्या मुलाप्रमाणे त्याचे शास्त्रीय नाव बदलले.

हा मासा कोठे कोठे राहिला, याची नोंद तो स्वतःच्या अंगावर वागवितो. त्याच्या खवल्यावर सूक्ष्म वलये असतात. नदीतील अल्पाहाराच्या काळात ती दाटीवाटीने उमटतात, समुद्रातील सुकाळात एकमेकींपासून लांब पडतात, आणि अंडी घालण्याच्या कष्टाच्या वेळी खवल्याची कड झिजून तेथे व्रण राहतो. जाणता मनुष्य सूक्ष्मदर्शकाखाली एक खवला ठेवून त्या माशाची नदीतील वर्षे, समुद्रातील वर्षे आणि प्रसूतीच्या खेपा सांगू शकतो. सरकारी नोकराच्या सेवापुस्तिकेत इतक्या नोंदी असतात खऱ्या, पण इतक्या विश्वसनीय असतात असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

सर्वसाधारण स्टीलहेड आठ-दहा पौंडांचा. वीस पौंडांचा लाभला तर मनुष्य तो दिवस जन्मभर विसरत नाही. या पार्श्वभूमीवर १९७० सालच्या २२ जून रोजी अलास्काच्या आग्नेय टोकाकडील बेल बेटाजवळ खाऱ्या पाण्यात जे घडले ते अद्भुतच म्हणावे लागेल. आठ वर्षांच्या एका मुलाच्या गळाला जो मासा लागला, तो काट्यावर ४२ पौंड २ औंस, म्हणजे १९ किलोंहून थोडा अधिक भरला. मुलाचे स्वतःचे वजन त्या वेळी किती होते, हे कोणी नोंदवून ठेवलेले दिसत नाही. रेनबो ट्राउटचा तो जागतिक विक्रम ठरला आणि सदतीस वर्षे टिकला. गंमत अशी, की अलास्का राज्याच्या मत्स्यखात्याच्या यादीत याच माशाचे वजन ४२ पौंड ३ औंस आहे. एकच मासा, एकच दिवस, आणि दोन रजिस्टरे. त्यांच्यात एका औंसाचा फरक. ज्यांनी कधी दोन खात्यांच्या नोंदी जुळवून पाहिल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

जगभरच्या अशा विक्रमांची नोंद ठेवणारी संस्था म्हणजे इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन. १९३९ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये तिचा जन्म झाला. आज तिचे मुख्यालय फ्लॉरिडा राज्यात आहे. आरंभी ती केवळ समुद्रातील माशांचे विक्रम पाहत असे. नद्या-तळ्यांतील माशांची नोंद 'फील्ड अँड स्ट्रीम' हे अमेरिकन मासिक आपल्या वाचकांच्या स्पर्धेतून ठेवीत आले होते. १९७८ साली त्या मासिकाने ते दप्तर या संस्थेच्या स्वाधीन केले. आपल्यासारख्या मासिकांना यातून काही बोध घेता येईल काय, हे संपादकांनी पाहावे.

संस्थेचे नियम वाचताना मला वारंवार हसू येई आणि वारंवार आदरही वाटे. मासा गळाला लागल्यापासून ताब्यात येईपर्यंत काठीला, रिळाला किंवा सुताला दुसऱ्या कोणाचा हात लागला, की विक्रम बाद. मग तो हात मदतीसाठी पुढे आलेल्या सख्ख्या भावाचा का असेना. झगड्यात काठी मोडली तरी बाद. वजन जमिनीवरच करावयाचे. हेलकावणाऱ्या नावेतील वजन ग्राह्य नाही. काटा गेल्या वर्षभरात अधिकृतपणे तपासलेला हवा. आपल्या बाजारात दुकानदाराच्या वजनांवर वजनमाप खात्याचा शिक्का पाहून घ्यावा असे आपले वडील सांगत, त्यातलाच हा प्रकार. वजन करणाराची सही, पाहणाराची सही, आणि छायाचित्रे: संपूर्ण मासा, काठी आणि रीळ, तो काटा, आणि माशासह स्वतः अर्जदार. सुताच्या ताकदीनुसार विक्रमांचे निरनिराळे वर्ग असल्याने सुताचा तुकडाही पाठवावा लागतो, आणि तो कितव्या पौंडाला तुटतो हे संस्था ताणून पाहते.

आणखी एक नियम आहे, तो साहित्यप्रेमी वाचकांना विशेष वाटेल. मासा हाती येण्यापूर्वी शार्कने किंवा अन्य प्राण्याने त्याचे लचके तोडले असतील, तर तो विक्रमास पात्र नाही. अर्नेस्ट हेमिंग्वे हा या संस्थेचा उपाध्यक्ष होता, आणि १९५२ साली त्याने जी कादंबरिका लिहिली तिचा पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत अनुवाद केला. त्या म्हाताऱ्या कोळ्याने तीन दिवस झुंजून धरलेला तो प्रचंड मार्लिन मासा किनाऱ्यास लागेपर्यंत शार्कांनी पुरता खाऊन टाकलेला असतो. लेखकाच्याच संस्थेच्या नियमाने तो मासा बाद! कथेच्या शेवटी एक कोळी त्या सांगाड्याची लांबी मापतो, आणि एक प्रवासी बाई त्या सांगाड्याला शार्क समजते. लांबी बरोबर, ओळख चुकीची. विक्रमाच्या पडताळणीत नेमक्या याच दोन गोष्टींवर सारा वाद होत आला आहे.

जुना विक्रम मोडावयाचा तर किती अधिक वजन हवे, यासही नियम आहे. पंचवीस पौंडांपर्यंतच्या माशाला दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम अधिक लागतात. त्याहून मोठ्या माशाला जुन्या वजनाच्या अर्धा टक्का. त्याहून कमी फरक असेल तर दोघांना बरोबरीचा मान. या दोन औंसांनी जपानच्या एका गृहस्थाची कशी परीक्षा पाहिली, ते ऐकण्यासारखे आहे. मासा स्टीलहेड नव्हे, लार्जमाउथ बास नावाचा. अमेरिकेत याच्या विक्रमाइतका प्रतिष्ठेचा दुसरा विक्रम नाही. १९३२ सालच्या २ जूनला जॉर्जिया राज्यातील एका तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. मंदीचे दिवस होते. पोस्टाच्या काट्यावर वजन झाले, मासिकाच्या स्पर्धेत ७५ डॉलरच्या वस्तू बक्षीस मिळाल्या, आणि मासा घरच्या मंडळींनी खाऊन टाकला. माझ्या मते मासा धरण्याचे याहून समाधानकारक पर्यवसान असू शकत नाही. पुढे सत्याहत्तर वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, जपानच्या बिवा सरोवरात एकाने जवळजवळ २२ पौंड ५ औंसांचा बास धरला. फरक जेमतेम एका औंसाचा. त्याने कागदपत्रे दिली, छायाचित्रे दिली, असत्यशोधक यंत्राची परीक्षाही दिली. सहा महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये निकाल लागला: बरोबरी. पोस्टाच्या काट्यावर तोललेला आणि खाऊन संपविलेला मासा आपल्या जागी राहिला, आणि सर्व कसोट्यांना उतरलेला मासा त्याच्या शेजारी बसला.

एवढी कडक तपासणी कशासाठी, असे कोणी विचारील. कारण माणूस. २०२२ सालच्या ३० सप्टेंबरला अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी ईरी सरोवरातील वॉलाय माशांच्या स्पर्धेत पहिल्या क्रमांकाच्या जोडीचे पाच मासे दिसण्यापेक्षा फारच जड भरू लागले. बक्षीस सुमारे २९ हजार डॉलरचे होते. स्पर्धेच्या संचालकाने सर्वांसमक्ष सुरीने मासा उघडला, तर आतून शिशाचे गोळे निघाले. दुधात पाणी घालणारा गवळी आपण पाहिला आहे. माशात शिसे घालणारा हा त्याचाच पाश्चात्त्य बंधू. पुढच्या वर्षी त्या दोघांना दहा दिवसांची कैद झाली आणि त्यांची बोट जप्त झाली.

परंतु खोटेपणा केवळ मासा धरणाराच करतो असेही नाही. टेनेसी आणि केंटकी राज्यांच्या सीमेवर डेल हॉलो नावाचे सरोवर आहे. तेथे १९५५ च्या ९ जुलैला एका गृहस्थाने ११ पौंड १५ औंसांचा स्मॉलमाउथ बास धरला, आणि तो विक्रम ठरला. पुढे चाळीस वर्षांनी जुन्या सरकारी कागदांत एक प्रतिज्ञापत्र सापडले. धक्क्यावर काम करणाऱ्या एका मनुष्याने त्यात लिहून दिले होते, की वजन वाढावे म्हणून आपणच त्या माशाच्या पोटात धातूचे तुकडे कोंबले. १९९६ मध्ये विक्रम रद्द झाला. ज्याने मासा धरला तो मनुष्य म्हातारपणी, कोणतीही चूक नसताना, खोटारड्यांच्या यादीत जाऊन बसला. नंतर पुन्हा चौकशी झाली, तेव्हा ते प्रतिज्ञापत्रच विश्वासार्ह नसल्याचे दिसून आले, आणि २००५ मध्ये त्याचा विक्रम त्याला परत मिळाला. प्रतिज्ञेवर लिहिलेले सारेच खरे धरून चालणाऱ्या कचेऱ्यांनी हे प्रकरण वाचावे. कागदावर कागदानेच मात केली, आणि मध्ये नऊ वर्षे गेली.

आता स्टीलहेडकडे परत वळू, कारण त्याच्या बाबतीत पेच याहून अवघड आहे. येथे कोणी लबाडी केली नाही.

बेल बेटावरील मुलाचा विक्रम मोडला तो २००७ च्या जून महिन्यात, आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात नदीवर धरण बांधून तयार झालेले डीफेनबेकर नावाचे सरोवर आहे. तेथे एका तरुणाने ४३ पौंड १० औंसांचा रेनबो ट्राउट धरला. दोन वर्षांनी, ५ सप्टेंबर २००९ रोजी, त्याच सरोवरात त्याच्या जुळ्या भावाने ४८ पौंडांचा, म्हणजे पावणेबावीस किलोंचा मासा धरून भावाचाच विक्रम मोडला. वजन खरे, काटा खरा, छायाचित्रे खरी. पण मासे कोठले? त्या सरोवरात जाळ्यांच्या पिंजऱ्यांत ट्राउट वाढविण्याचा कारखाना होता, आणि पिंजऱ्यांतून निसटलेले मासे सरोवरात वाढत होते. हे मासे मुद्दाम वांझ केलेले असतात. फलित अंड्यांना योग्य क्षणी उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का दिला, की पिल्लाच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात. असा मासा प्रजोत्पादन करू शकत नाही; अंड्यांच्या पोषणात जी शक्ती खर्च व्हावयाची ती सारी अंगावर येते. खच्ची केलेला बोकड लवकर अंग धरतो, हे आपल्या खेड्यातील कुणालाही सांगावे लागत नाही.

यावर मोठी खळबळ उडाली. संस्थेच्या नियमांत रानटी मासा आणि पाळीव मासा असा भेद नव्हता. जात रेनबो ट्राउट, मार्ग नियमानुसार, वजन अधिक. विक्रम मान्य झाला. नियमाप्रमाणे पाहिले तर निर्णय बिनतोड आहे, आणि त्या दोन भावांकडे बोट दाखविण्यास जागा नाही. तरीही माझे मन त्यास पूर्णपणे मानीत नाही. एक मासा नदीत जन्मला, समुद्रात गेला, सील आणि देवमाशांच्या तावडीतून सुटला, जन्मनदीच्या ओढीने परत निघाला आणि त्या वाटेवर बेचाळीस पौंडांचा भरला. दुसऱ्याची वांझ जात पेंड खाऊन पिंजऱ्यात वाढली आणि मग सरोवरात सुटली. रजिस्टरात दोघांना एकच रकाना आहे. या जागतिक यादीत स्टीलहेड असा वेगळा वर्गच नाही. अमेरिकेतील काही राज्यांच्या याद्यांत तो आहे. वर सांगितलेल्या खवल्याच्या वलयांतून समुद्राचा प्रवास कळू शकतो, पण काट्याला ती वलये वाचता येत नाहीत, आणि नियमाने ती वाचण्यास कोणास सांगितलेलेही नाही.

दुसरा पेच याहूनही खोल आहे. गेल्या शतकात धरणे, जंगलतोड आणि बेसुमार मासेमारी यांमुळे रानटी स्टीलहेडची संख्या नदीमागून नदीत घटत गेली. कोलंबियाची उपनदी असलेल्या स्नेक नदीचा स्टीलहेड १९९७ साली अमेरिकन सरकारने धोक्यातील म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली आणला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रानटी स्टीलहेड धरला तर सोडूनच द्यावा लागतो. वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम टोकावरील ऑलिंपिक द्वीपकल्पात होह नावाची हिमनदीच्या पाण्याची नदी आहे. तेथे एका मनुष्यास वर्षाकाठी एक रानटी स्टीलहेड ठेवण्याची मुभा होती, आणि २००९ च्या फेब्रुवारीत तेथे एका नामांकित पक्षिशास्त्रज्ञाने पिसांच्या कृत्रिम माशीवर २९ पौंड ८ औंसांचा नर धरला. मासा मारला, तोलला, आणि त्या प्रकारातील विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. अभिनंदनाच्या पाठोपाठ निषेधही झाला. एवढे मोठे बीज पुढच्या पिढीला मिळावयाचे, ते एका दाखल्यासाठी गेले, असे गळवाल्यांपैकीच अनेकांचे म्हणणे पडले. कायद्याने त्याचा अपराध काहीच नव्हता. २०१६ पासून मात्र त्या द्वीपकल्पातील नद्यांत रानटी स्टीलहेड ठेवण्याची मुभा राहिली नाही.

आणि आता पाहा. त्याच राज्याचा नियम असा, की जो मासा ठेवण्याची परवानगी नाही, तो सोडण्यापूर्वी पाण्यातून पूर्णपणे बाहेर काढणेही मना आहे. इकडे विक्रम नोंदविणाऱ्या संस्थेचा नियम, की वजन जमिनीवर, तपासलेल्या काट्यावर झाले पाहिजे. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे आहेत, आणि दोन्ही पाळून त्या नद्यांतील रानटी स्टीलहेडचा वजनाचा विक्रम नोंदविता येत नाही. उद्या होह नदीत पन्नास पौंडांचा स्टीलहेड कोणाच्या गळाला लागला, तर तो मनुष्य त्याला गुडघाभर पाण्यात क्षणभर पाहील आणि सोडून देईल. घरी गेल्यावर त्याने दोन्ही हात फैलावून दाखविले, की शेजारी हसतील.

वजन न करता अंदाज बांधण्याची एक रीत आहे. माशाचा घेर इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे आणि ८०० ने भागावे; उत्तर पौंडांत येते. चाळीस इंच लांब आणि वीस इंच घेराचा मासा या हिशेबाने बरोबर वीस पौंडांचा. घराघरांतील सातवी-आठवीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे, आणि मग घेर वीसऐवजी एकवीस धरावा. उत्तर बावीस पौंडांच्या वर जाते. थंड पाण्यात तडफडणाऱ्या माशाभोवती मापपट्टी गुंडाळताना एका इंचाची चूक होणे किती सोपे आहे! आणि त्या एका इंचाचे दोन पौंड, म्हणजे बत्तीस औंस होतात. जेथे दोन औंसांवर विक्रम अडतो, तेथे या गणिताचा काय उपयोग? म्हणून ते गप्पांसाठी ठीक, रजिस्टरासाठी नव्हे.

संस्थेने २०११ साली यातून एक वाट काढली. वजनाऐवजी लांबीचा विक्रम, आणि अट अशी, की मासा जिवंत सोडला पाहिजे. संस्थेनेच ठरवून दिलेल्या मापपट्टीवर माशाचे तोंड एका फळीस टेकवून ठेवावयाचे, छायाचित्र घ्यावयाचे, आणि माशास पाण्यात सोडावयाचे. आयडाहोसारख्या राज्यांनीही सोडून दिलेल्या माशांच्या लांबीची निराळी यादी सुरू केली आहे. घेर निघाला, वजन निघाले, उरली ती सरळ रेषा, आणि सरळ रेषेत लबाडीला जागा कमी. माझ्या दृष्टीने पिंजऱ्यातील ट्राउटचाही प्रश्न यात थोडासा सुटतो, कारण खाऊन खाऊन पोट सुटते, लांबी त्या मानाने वाढत नाही. जुन्या मंडळींना मात्र हा विक्रम अद्याप अळणी वाटतो. पौंडांचा आकडा कानाला जो भारदस्त लागतो, तो सेंटिमीटरचा लागत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आता सिएटल, पोर्टलंड, व्हँकूव्हरकडे असतात, आणि तिकडील मित्रांबरोबर हिवाळ्यात नदीवर जातात. त्यांच्यासाठी एक खूण सांगून ठेवतो. स्टीलहेडच्या पाठीवर, शेपटीच्या थोडे अलीकडे, करंगळीच्या टोकाएवढा एक मांसल पर असतो. सरकारी मत्स्यबीज केंद्रांत वाढविलेल्या पिल्लांचा तो पर नदीत सोडण्यापूर्वी कापून टाकतात, आणि तो पुन्हा उगवत नाही. पराच्या जागी भरून आलेला व्रण दिसला, तर मासा केंद्रातला. परवाना असेल आणि त्या नदीत त्या हंगामात मुभा असेल, तर तो घरी आणता येतो. पर शाबूत असेल, तर मासा रानटी समजावा. हात आधी पाण्यात ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघत नाही. त्याला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवावा, तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी अलगद धरावे, आणि त्याच्या शेपटीत जोर आला, की हात सैल करावेत.